दहावी सुटली, पुढे?

नवी मुंबईच्या नकाशावर सारसोळे पटकन सापडत नाही. नेरूळच्या सेक्टर ६ला चिकटून असलेलं हे आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. एका अंगाला सिडकोच्या इमारती, दुसऱ्या अंगाला पाम बीच मार्ग आणि त्याच्या पलीकडे खाडीवरची जेट्टी. १९७० साली सिडको आली, १९९२ साली महापालिका आली आणि गावाभोवती बघता बघता शहर उभं राहिलं. गावठाणातल्या घरांवर मजले चढले, खोल्या भाड्याने गेल्या. खाडीत होडी घालणाऱ्याचा मुलगा आणि तुर्भ्याच्या बाजारात गोणी वाहणाऱ्या माथाडीची मुलगी आता एकाच वर्गात शिकतात.

ही पुस्तिका त्या वर्गातल्या काही मुलामुलींसाठी आहे. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. कुणाचे पाय साथ देत नाहीत, कुणाची अक्षरं कागदावर उतरताना जागा बदलतात. कुणाला सगळं कळतं, पण इतरांपेक्षा सावकाश. आठवी ते बारावी या वर्षांत अशा मुलांनी कॉलेजची आणि पुढच्या कामधंद्याची तयारी कशी करायची, एवढाच तिचा विषय.

विषयाची सुरुवात सारसोळ्यापासून करायला कारण आहे. नेरूळहून सीएसएमटीच्या गाडीत बसलं की तिसरं स्टेशन वाशी. तिथे महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. दिव्यांग मुलांना शिक्षण, प्रशिक्षण आणि उपचार एकाच छपराखाली देणारं असं केंद्र एखाद्या महापालिकेने स्वतः चालवावं, ही आपल्या राज्यात विरळ गोष्ट. उलट दिशेने पनवेलच्या गाडीत बसलं की तिसरं स्टेशन खारघर. तिथे बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. म्हाप्याला शीळ रस्त्यावर हेलन केलर संस्थेचं आवार आहे. बहिरेपण आणि अंधत्व ज्यांच्या वाट्याला एकत्र आलं, त्यांच्यासाठी ती काम करते. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या पालकाला हे ऐकून हेवा वाटेल. तेव्हा सारसोळ्यातलं एखादं दिव्यांग मूल दहावीनंतर घरी बसलं, तर त्याचं खापर अंतरावर फोडता येणार नाही. दुसरं काहीतरी चुकतंय, आणि ते शोधायला ही जागा बरी.

काय चुकतंय त्याचा अंदाज राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६व्या फेरीवरून येतो. २०१८च्या उत्तरार्धात झालेल्या या पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या दिव्यांग व्यक्तींपैकी माध्यमिक किंवा त्यापुढचं शिक्षण झालेल्या फक्त १९.३ टक्के निघाल्या. काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २३.८ टक्के. म्हणजे चारांतले तीन कामाच्या बाजारात उतरतच नाहीत. ‘कामावरून काढलं’ असं म्हणण्याइतकीही पाळी त्यांच्यावर येत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून जास्त दिव्यांग मोजले गेले. त्यावेळी दिव्यांगत्वाचे प्रकार कमी धरले जात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले, त्यामुळे आज मोजदाद झाली तर आकडा वाढेलच.

मुंबईला या कामाची परंपरा नाही असंही नाही. १८८५ साली माझगावात मूकबधिरांसाठी शाळा सुरू झाली. १९०० साली ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनी अंधांसाठी शाळा काढली, तीच आजची दादरची कमला मेहता शाळा. १९४४ साली एका पारशी जोडप्याने आपल्या मुलीसाठी जे सुरू केलं, त्याचं पुढे शिवडीचं जय वकील विद्यालय झालं. १९७२ साली मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन केली, तीही मुलगी मालिनीसाठी. बऱ्याच संस्थांच्या मुळाशी एक घर आणि एक मूल असतं. ते मूल शाळेत जाण्याच्या वयाचं असतं, म्हणून आधी शाळा निघते. शाळेनंतर काय, हा प्रश्न त्या मुलाचं वय वाढेल तसा समोर येतो, आणि तोवर बरीच वर्षं गेलेली असतात. सरकारचंही तेच झालं. दिव्यांगांना कामाला लावण्यासाठीचं व्यवसाय पुनर्वसन केंद्र मुंबईत सुरू व्हायला १९६८ साल उजाडलं. सायन-चुनाभट्टीच्या एटीआय आवारातलं ते केंद्र आज राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र म्हणून चालतं. हार्बर लाइनवर रोज चुनाभट्टीवरून जाणाऱ्या किती पालकांना ते माहीत आहे, हे विचारून बघावं.

आता मूळ मुद्द्याकडे. महाराष्ट्राने दहावीच्या सवलतींमध्ये इतर राज्यांच्या आधी पाऊल उचललं. अध्ययन अक्षमता म्हणजे शाळेच्या भाषेत ‘एलडी’. ती असलेल्या मुलांना १९९६पासून सरकारने सवलती दिल्या. सायनच्या टिळक रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञांनी त्या मुलांच्या तपासणीची घडी बसवली आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. ‘तारे जमीन पर’ यायला अजून अकरा वर्षं होती. सवलती मोठ्या मनाच्या होत्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांचे मार्क न कापणं, कॅल्क्युलेटर, तीनपैकी एका भाषेतून सूट. बीजगणित-भूमिती झेपत नसेल तर त्याऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि सोबत कार्यानुभवाचा एक विषय.

या सवलतींनी हजारो मुलांच्या कपाळावरचा ‘नापास’ पुसला, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं. पण या शेवटच्या सवलतीकडे जरा थांबून पाहू. नववीच्या सुरुवातीला पालक शाळेत जातात. शाळा सांगते, गणित सोडा, टक्के वाढतील. शाळेचा निकालही वाढणार असतो, हे शाळा सांगत नाही. पालक सही करतात. मूल सुटकेचा श्वास सोडतं. दोन वर्षांनी दहावीचा निकाल छान लागतो, पेढे वाटले जातात, आणि अकरावीच्या प्रवेशाला बसल्यावर ध्यानात येतं की विज्ञान शाखा आणि तंत्रनिकेतनाची पदविका या वाटा ज्या गणितावरून जातात, ते गणित आपण मागेच ठेवून आलो. ज्याला कॉम्प्युटरचं वेड आहे, वाचायला वेळ लागतो पण यंत्राचे भाग बघता बघता जुळवतो, अशा मुलाने गणित सोडणं आणि ज्याला आकडेच उमगत नाहीत त्याने सोडणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दोघांपुढे फॉर्म मात्र एकच येतो. सवलत घेऊ नका, असं ही पुस्तिका सांगत नाही. सवलत घेताना ती कोणती दारं लावून घेते ते आधी विचारा, आणि दहावीच्या टक्क्यांचा हिशेब नंतर मांडा, एवढंच तिचं म्हणणं.

अंध मुलांच्या बाबतीत तर ही दारं कुणी न विचारताच लावली गेली. अंधांनी गणित-विज्ञान घ्यायचं नसतं, हा समज शाळांत इतका मुरला आहे की मुलंही तो स्वतःचाच मानतात. ब्रेलमध्ये आकृती काढता येते, बोटांनी वाचता येते, समीकरण स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचून दाखवता येतं. अवघड आहे, पण बंद नाही. सेंट झेवियर्स कॉलेजात २००३पासून अंध विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र आहे. ते या अवघडपणातून वाट काढण्याचं काम करत आलं आहे.

त्यानंतर लेखनिक. दहावीच्या हंगामात दिव्यांग मुलांच्या घरांत या एका शब्दाने झोप उडालेली असते. मूल आहे त्याच्या खालच्या वर्गातला, वेळ असलेला, अक्षर बरं असलेला आणि ऐनवेळी आजारी न पडणारा असा मुलगा शोधायचा. फेब्रुवारीत पालक शेजाऱ्यांच्या दारोदार फिरतात. हे शोधणं आपल्याला इतकं मोठं वाटतं की मूळ शिकवण राहूनच जाते. लेखनिकाला सांगून लिहून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. मनात उत्तर जुळवायचं, ते वाक्यावाक्याने बोलायचं, कुठे परिच्छेद तोडायचा ते सांगायचं, आकृतीतल्या रेषांना शब्द द्यायचे, समोरच्याने नीट लिहिलं की नाही ते वाचून घ्यायचं, आणि घड्याळही सांभाळायचं. सरकारी नियमाने लेखी परीक्षेत ताशी किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. सराव नसेल तर तो तास ‘काय लिहिलंस, वाच बघू’ यातच जातो. आठवीपासून घटक चाचण्यांना लेखनिक बसवला तर दहावीत मूल त्यात तरबेज झालेलं असतं. बहुतेक शाळा मात्र लेखनिकाला बोर्डाच्या परीक्षेतच पहिल्यांदा आणतात. पोहायला शिकवायचं नाही आणि भरतीच्या दिवशी खाडीत सोडायचं, असा हा प्रकार.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती पालकांपर्यंत पोचलेली नाही. लेखनिक मिळायला ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखलाच लागतो, हा समज सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात खोडून काढला. विकास कुमार यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. त्यांची अडचण खरी होती, पण ती ठरावीक टक्क्यांच्या चौकटीत बसत नव्हती. न्यायालय म्हणालं की चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. परीक्षा देता यावी म्हणून करायच्या वाजवी सोयींना ती लावता येणार नाही. टक्क्यांच्या सीमेवरच्या मुलांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे. आपल्याकडे अशी मुलं ‘एवढं काही नाही’ आणि ‘हे जमणार नाही’ या दोन वाक्यांमध्ये अडकलेली असतात.

ही सगळी तयारी होते तेव्हा मूल पंधरा-सोळाचं असतं. त्यानंतर दोन वर्षांत एक मोठी पडझड होते, आणि तिची कल्पना कुणी दिलेली नसते. बालरोगतज्ज्ञांची ओपीडी सुटते. मोठ्यांच्या विभागात गेलं की नवे डॉक्टर, नवी रांग, पुन्हा पहिल्यापासून कहाणी. एलडीचा दाखला केंद्र सरकारच्या २०१८च्या सूचनांप्रमाणे आठव्या वर्षानंतर मिळतो, चौदाव्या वर्षी पुन्हा तपासावा लागतो आणि अठराव्या वर्षी पुन्हा. अठराव्या वर्षी मिळालेला दाखला जन्मभर चालतो. अठरावं म्हणजे साधारण बारावीचं वर्ष: बोर्ड, सीईटी, प्रवेशाचे अर्ज आणि त्यातच तपासणीची तारीख. दवाखान्यातली तारीख महिनोन्महिने मिळत नाही, हे ज्यांनी एकदा अनुभवलंय ते दुसऱ्यांदा उशीर करत नाहीत. पण इथे दुसरी संधी मिळेलच याची खात्री नाही. युडीआयडी कार्डाचंही, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचंही, तसंच. चाळीस टक्क्यांच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या मध्ये पिवळं, ऐंशी आणि वर निळं. कार्ड तात्पुरतं असेल तर त्याची मुदत कधी संपते ते बघणारं घरात कुणीतरी हवं.

आणि सही. अठरा पूर्ण झाल्या दिवसापासून आईवडिलांची सही मुलाच्या वतीने चालत नाही. बँकेत नाही, कॉलेजात नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात पालकत्वाची तरतूद आहे. जिल्हाधिकारी प्रमुख असलेल्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. पण आधी स्वतःला विचारावं की संपूर्ण पालकत्व खरंच हवं आहे का. २०१६च्या कायद्याच्या १४व्या कलमाने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली. ठरावीक बाबींपुरता आधार, आणि निर्णय त्या व्यक्तीला सोबत घेऊन. ज्या मुलाला दुकानातून सुटे पैसे मोजून आणता येतात, त्याच्या आयुष्याचे सगळेच निर्णय कागदोपत्री दुसऱ्याकडे देऊन टाकायची घाई करू नये.

समजा सारसोळ्यातली एक मुलगी आहे, व्हीलचेअर वापरणारी. दहावीला पंच्याहत्तर टक्के. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आहे. घरातले सगळे गेल्या वर्षीचा कट-ऑफ घेऊन बसतात. तिचा वर्ग कितव्या मजल्यावर भरतो, लिफ्ट विद्यार्थ्यांना वापरू देतात की फक्त स्टाफला, प्रयोगशाळेचं टेबल किती उंच आहे, स्वच्छतागृहाचं दार व्हीलचेअर आत जाईल एवढं रुंद आहे का, हे विचारायला कॉलेज बघून यावं लागतं, आणि तेही अर्ज भरायच्या आधी. नेरूळ-वाशी पट्ट्यात कॉलेजांना तोटा नाही. एका दुपारी दोन कॉलेजं बघून होतील. पण आपल्याकडे प्रवेश मिळाल्यानंतर कॉलेज बघायची पद्धत आहे. पहिल्या दिवशी ती मुलगी जिन्याच्या पायथ्याशी अडते, चार मुलं खुर्चीसकट उचलून नेतात, कुणीतरी फोटो काढतं. दुसऱ्या महिन्यात उचलणारी मुलं पांगतात आणि हजेरी कमी पडते. २०१६च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सूट दिली आहे. जागा मिळेल. पहिल्या मजल्यावर पोचण्याची जबाबदारी कुणाची, हे मात्र प्रवेशाच्या वेळीच प्राचार्यांना लेखी विचारावं. लेखी विचारलेल्याला उत्तर द्यावं लागतं.

मुलींबद्दल एक स्पष्ट बोलायचं आहे. मुलगा दिव्यांग असेल तर घर म्हणतं, त्याला पायावर उभं केलं पाहिजे. मुलगी असेल तर म्हणतं, तिला कशाला दगदग. हा लाड दिसतो, पण परिणामाने तो बंदिवास ठरतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी सहाव्या वर्षी गेली. त्या दादरच्या कमला मेहता शाळेत शिकल्या, मग उल्हासनगरच्या चांदीबाई कॉलेजात, मग उल्हासनगर ते सीएसएमटी असा लोकलचा प्रवास करत झेवियर्समध्ये, आणि पुढे जेएनयूत. २०१५च्या लोकसेवा परीक्षेत ७७३वा क्रमांक आला आणि रेल्वेच्या लेखा सेवेने अंधत्वाचं कारण देऊन त्यांना नाकारलं. पुढच्या वर्षी १२४वा क्रमांक आला. २०१९ साली त्या तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. ही गोष्ट सत्कारसमारंभांत ‘जिद्द’ या नावाखाली सांगितली जाते. आम्हाला तिच्यातली लोकल जास्त महत्त्वाची वाटते. गर्दीच्या स्टेशनवर उतरायचं, जिना शोधायचा, चुकलं तर विचारायचं, हे ज्याला सतराव्या वर्षी जमतं त्याला ऑफिस शोधणं जमतं. नेरूळ ते वाशी हा प्रवास नववीतल्या मुलाने आधी आईसोबत, मग आई चार पावलं मागे, मग एकट्याने करावा. करिअर मार्गदर्शनाच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा याचा उपयोग मोठा.

पुस्तकांच्या बाबतीत काळ बराच पुढे गेला आहे. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला आणि छापील पुस्तक न वाचता येणाऱ्यांसाठी ते वाचनीय रूपात आणायला परवानगीची गरज उरली नाही. अशा पुस्तकांसाठी झालेला मराकेश करार मंजूर करणारा भारत जगातला पहिला देश, २०१४ साली. २०१६पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. मग मराठी माध्यमाच्या मुलाचं अडतं कुठे? सरांच्या नोट्सवर. त्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, स्क्रीन रीडर मात्र निरर्थक चिन्हं वाचत सुटतो. किंवा नोट्सचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकलेला असतो, तो स्क्रीन रीडरला कोऱ्या कागदासारखा. शाळेने नोट्स युनिकोडमध्ये टाइप करायच्या एवढं ठरवलं, तरी पुष्कळ काम होईल. त्याला अनुदान लागत नाही.

बौद्धिक दिव्यांग मुलांचा रस्ता वेगळा आहे, आणि त्याला कॉलेजच्या रस्त्याची नक्कल बनवण्यात अर्थ नाही. मुक्त विद्यालयाची दहावी काहींना जमते, काहींना नाही, आणि न जमणं हे अपयश धरायचं कारण नाही. इथे प्रश्न कामाचा आहे. विशेष शाळांच्या व्यवसाय विभागांत वर्षानुवर्षं पणत्या रंगवल्या जातात, मेणबत्त्या ओतल्या जातात, कागदी पिशव्या होतात. दिवाळीच्या आधी एखाद्या कंपनीच्या लॉबीत स्टॉल लागतो, साहेब लोक कौतुकाने खरेदी करतात. राहिलेले अकरा महिने कोण घेतं? वस्तू दयेपोटी विकली जात असेल तर तिला व्यवसाय म्हणू नये. जुहूला २०१८पासून चालणाऱ्या कॅफे अर्पणमध्ये बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न तरुण पदार्थ बनवतात, गिऱ्हाइकाला वाढतात. गिऱ्हाईक भूक लागली म्हणून येतं, हा त्यातला खरा फरक. नेरूळच्या आसपास खानावळी, धुलाईची दुकानं, पॅकिंगचे गाळे, रोपवाटिका भरपूर आहेत. टीटीसीचा औद्योगिक पट्टा जवळ आहे. एखादं काम पायऱ्यापायऱ्यांनी तोडून शिकवलं आणि पहिले काही आठवडे शिक्षक सोबत उभा राहिला, तर पुष्कळ मुलं ते काम चोख करतात. वेळेवर येणं, डबा स्वतः उघडणं, मालकाला ‘समजलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणणं, हे आधी शिकवावं. पणत्या नंतर.

परदेशाचा दाखला द्यायचा मोह होतो, तो एका बाबतीत आवरत नाही. अमेरिकेत दिव्यांग विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या शाळेपुढच्या आयुष्याचा आराखडा तयार करणं शाळेवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि त्या बैठकीला खुद्द विद्यार्थ्याला बोलावावं लागतं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत दिव्यांग मूल असेल तर ही बैठक ओळखीची असते. पण तिथेही कॉलेज लागलं की शाळेचा कायदा संपतो. मग सोयी हव्या असतील तर विद्यार्थ्याने स्वतः जाऊन सांगायचं, मला अमुक अडचण आहे, मला अमुक हवं. आई सांगून चालत नाही. श्रीमंत देशातही शेवटी गाडी इथेच येऊन थांबते: मुलाला स्वतःबद्दल बोलता येतं का?

आमच्या मते सगळ्या तयारीचा गाभा हाच. आपली दिव्यांग मुलं पंधरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्याबद्दल सगळं दुसरेच बोलतात. डॉक्टर आईला विचारतात, मुख्याध्यापक वडिलांना विचारतात, नातेवाईक तर मुलाच्या देखत तिसऱ्याला विचारतात. मूल शेजारी बसून आपलं वर्णन ऐकत राहतं. त्याला आपल्या दिव्यांगत्वाचं नाव माहीत नसतं, टक्के माहीत नसतात, आणि कोणती सोय मिळाली की काय जमतं हे त्याला कधी शब्दांत मांडावं लागलेलं नसतं. मग मुलाखतीत विचारलं, ‘तुला काम कसं जमेल?’, की ते आईकडे बघतं. आई बाहेर बसलेली असते.

म्हणून या पुस्तिकेतले तक्ते आणि सराव मुलाने भरायचे आहेत. ‘मला काय जमतं’, ‘मला कशाची मदत लागते’, ‘मदत कशी मागायची’. मिठू अलूर यांनी जिच्यासाठी संस्था काढली त्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टाइप करून आत्मकथन लिहिलं, ते २०१० साली ‘वन लिटल फिंगर’ या नावाने आलं. झेवियर्सची पदवी आणि इंग्लंडमधल्या दोन पदव्युत्तर पदव्या त्यांनी मिळवल्या. त्यांचं बोलणं नवख्या माणसाला चटकन कळत नाही. तरीही आपल्याबद्दल त्या स्वतः बोलल्या. ज्यांना तोंडाने बोलता येत नाही त्यांनी खुणेने, चित्राच्या पाटीने, मोबाइलवर टाइप करून सांगावं. साधन कुठलंही चालेल.

न्यायालयंही हळूहळू याच दिशेला येत आहेत. महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याला बोलण्याशी संबंधित दिव्यांगत्वाचे टक्के मर्यादेपेक्षा जास्त म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४मध्ये त्याच्या प्रवेशाचा आदेश दिला आणि १५ ऑक्टोबरच्या सविस्तर निकालात सांगितलं की नुसत्या टक्क्यांवरून कुणाला बाद करता येणार नाही. तो अभ्यासक्रम विद्यार्थी पुरा करू शकतो का, हे मंडळाने तपासायला हवं. टक्के मोजणं डॉक्टरांचं काम आहे. काय जमतं हे दाखवून देणं मात्र विद्यार्थ्याला यावं लागतं, आणि ते बारावीच्या सुट्टीत एकाएकी येत नाही.

महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला.  सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे. शिष्यवृत्त्या आहेत, लोकलमध्ये राखीव डबा आहे. पण डब्यात चढणारा आपल्या पायांनी किंवा आपल्या खुर्चीने स्टेशनपर्यंत आलेला असावा लागतो, आणि ते घर व शाळेने मिळून करायचं काम आहे. शाळेत एक तरी शिक्षक असा हवा की ज्याला नववीतल्या प्रत्येक दिव्यांग मुलाचं नाव, दाखल्याची मुदत आणि पुढची इच्छा माहीत आहे. विशेष शिक्षक नसेल तर वर्गशिक्षक चालेल, चित्रकलेचे सरही चालतील. पद महत्त्वाचं नाही.

पुस्तिकेत काही प्रकरणं लांब झाली आहेत, काही दोन पानांत आटोपली आहेत. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कॉलेजबद्दल याहून बरंच लिहायला हवं होतं. सांकेतिक भाषेचा दुभाषी साध्या महाविद्यालयाच्या वर्गात जवळपास कुठेच नसतो आणि मुलं ओठ वाचून, मित्रांच्या वह्या उतरवून पदव्या घेतात. त्यांच्यासाठी वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत एक फेरी जरूर मारावी.

पालकांना आणि शिक्षकांना विनंती एवढीच: पुस्तिका आधी तुम्ही वाचा, आणि मग मुलाच्या हातात द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. त्याने दिलेली उत्तरं तुम्हाला चुकीची वाटली तरी खोडू नका. आणि मूल नववीत असेल, तर त्याच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरची तारीख आज रात्री बघा आणि पुढच्या तपासणीची वेळ याच आठवड्यात घ्या.